सीलबंद कपाटातला रेडिओ

सासरी माझ्यावर चोरीचा आळ आला तो सोन्यानाण्याचा नव्हता, रेडिओच्या बॅटरीचा होता.

परंड्याहून सकाळी बैलगाडी जुंपली की दुपारच्या जेवणाला पोचावं एवढ्या अंतरावर आमचं गाव. गावात वीज नव्हती, कंदील होते. अशा घरात मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गणपतीच्या सुमारास कुर्डुवाडीहून रेडिओ आणला. लाकडी पेटी, पुढं जाळीचं कापड, खाली दोन बटणं. डावं फिरवलं की आधी ‘टक्’ व्हायचं आणि रेडिओ सुरू. आणखी फिरवलं की आवाज मोठा. उजवं स्टेशन लावायचं. शेजारी दोन विटा एकावर एक ठेवाव्यात एवढी बॅटरी, चार पिनांच्या प्लगनं जोडलेली. घराच्या सपाट छतावर, माळवदावर, बांबू उभा करून एक तार बांधली होती आणि दुसरी न्हाणीजवळच्या ओल्या जागेत पुरली होती. या पुरलेल्या तारेवर रोज तांब्याभर पाणी ओतायचं काम आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं.

‘‘तुळशीला घालावं तसं हिला पानी घालायचं,’’ त्या म्हणायच्या. ‘‘फुलं कवा येत्यात तेवढं इचारा त्या दुकानदाराला.’’ म्हणायच्या रोज आणि ओतायच्याही रोज.

मामंजी गावचे पोलीस पाटील. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या बोलण्यातली कचेरी काही गेली नव्हती. म्हैस चुकली की तहकिकात, सापडली की मुद्देमाल. भाकरी करपली तरी ताटावर बसून विचारायचे, ‘‘गुन्हा कुणाचा?’’ आत्याबाई म्हणायच्या, ‘‘चुलीचा. धरून न्या तिला.’’

रेडिओ त्यांचा जीव की प्राण झाला. सोप्यातल्या भिंतीत एक कपाट होतं, त्यात तो ठेवला. संध्याकाळी बातम्या आणि बाजारभाव ऐकायला ओसरी भरायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अवजारांची पूजा असते. त्या वर्षी कुऱ्हाड, कोयते, खुरपी, तराजू, मामंजींची परवान्याची बंदूक, मोठं कुलूप अशी रांग मांडली आणि रांगेच्या शेवटी रेडिओ. दर अवजाराला मामंजींनी आपल्या हातानं तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं. रेडिओपुढं ते सगळ्यांत जास्त वेळ बसले होते. शेजारणी बघायला आल्या होत्या. आम्हाला सगळ्यांना ते छानच वाटलं.

माझं लग्न होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आमचे ‘हे’ परंड्याला कचेरीत कारकून. आठवडाभर तिथंच खोलीवर, शनिवारी सायकलवर घरी. मी सातवी पास होते आणि उस्मानाबादला बायकांसाठी शिक्षिकेचं ट्रेनिंग निघालं होतं. जूनमध्ये मी तिथं जावं, असं आम्हा दोघांचं ठरलं होतं. आमचं ठरून भागत नव्हतं. मामंजींनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. ‘‘बघू,’’ म्हणाले होते. पाटलाचं ‘बघू’ म्हणजे प्रकरण दाखल झालं, एवढाच त्याचा अर्थ.

दुपारी सगळे रानात गेले की घरी मी एकटी. त्या वेळी बायकांचा कार्यक्रम लागायचा. डाळ निवडता निवडता मी तो ऐकायची, आत्याबाईंना सांगून. संपला की ‘टक्’ ऐकून बंद करायची. चोरून काही नव्हतं.

दुकानदार म्हणाला होता, बॅटरी सहज होळी गाठेल. ती दिवाळीनंतर लगेच बसली. आधी आवाज खरखरला, मग बारीक झाला, मग बातम्या सांगणारा माणूस विहिरीच्या तळातून बोलावं तसा बोलू लागला आणि एक दिवस बोलायचाच थांबला.

बॅटरी बसली की ती उन्हात ठेवायची, ही आमच्याकडची रीत. बॅटरीच्या, म्हणजे हातातल्या टॉर्चच्या सेलना लोक तसंच करायचे. मामंजींनी ती माळवदावर, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या शेजारी ठेवली. दोन दिवसांनी जोडली तर रेडिओ बोलला. सगळे खूश. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुका. असं दोनदा झालं. मग मामंजी कुर्डुवाडीला जाऊन नवी बॅटरी घेऊन आले. चांगली महाग वस्तू. येताना एसटीत मांडीवर धरून आणली.

ती संक्रांतीच्या आधीच बसली.

मग तहकिकात सुरू झाली. मामंजी ओसरीवर पाटावर बसले. आत्याबाई आणि मी दाराशी.

‘‘सांजच्याला म्या किती लावतो? बातम्या आन् भाव. हाय का न्हाय?’’

‘‘व्हय,’’ आत्याबाई म्हणाल्या.

‘‘तेवढ्यात बॅटरी जायाची न्हाय. दुकानदारानं सांगितलंय. मंग दुपारचं कोन लावतंय? रानात समदे. घरात कोन?’’

मी म्हटलं, ‘‘मी ऐकते, मामंजी. बायकांचा कार्यक्रम. अर्धा तास. आत्याबाईंना ठाऊक आहे.’’

‘‘अर्धा तास म्हनं. शिलोनची गानी कोन ऐकतंय मंग? कपाटातली पाल?’’

‘‘मी नाही ऐकत.’’

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. समोरच्या खांबाला बोलावं तसे बोलले, ‘‘जिचा शब्द घरात खरा न्हाय, तिला परगावी एकटी कशी ठेवायची? आन् जिच्या हाती रेडिओ टिकत न्हाय, तिच्या हाती शाळंतली पोरं कशी द्यायची?’’

म्हणजे दाखल झालेल्या प्रकरणाचा निकाल त्या दिशेनं निघाला होता. शनिवारी ‘हे’ आले. मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, ‘‘थोडे दिवस ऐकू नकोस म्हणजे झालं. राग गेला की मी बोलतो दादांशी.’’ मी म्हटलं, ‘‘मी ऐकायचं थांबवलं आणि तरी बॅटरी बसली, तर मी चोरून ऐकते असं होईल. टिकली, तर आधी चोरून ऐकत होते असं होईल.’’ त्यांनी थोडा विचार केला आणि सायकलच्या चेनला तेल घालायला निघून गेले. वाईट माणूस नव्हे. वडिलांपुढं त्यांचा आवाज बसलेल्या बॅटरीसारखा व्हायचा.

रडत बसण्यात अर्थ नव्हता. मी काय काय घडलं ते ओळीनं आठवू लागले आणि मिरच्यांपाशी अडले.

दुसरी बॅटरी बसली तेव्हाही ती माळवदावर ठेवली होती. पण त्या वेळी आभाळ आलं होतं. दोन दिवस ऊन म्हणून पडलं नव्हतं. मिरच्या सादळतील म्हणून मीच त्या खाली आणल्या होत्या. तरी बॅटरी जोडल्यावर रेडिओ आधीच्याइतकाच बोलला. म्हणजे तिला बरं वाटलं ते उन्हानं नव्हे, नुसतं पडून राहिल्यानं. दमलेला बैल गोठ्यात बांधला की उभा राहतो तसं. मग प्रश्न आला, की रेडिओ बंद असताना ती रात्रंदिवस पडूनच असते. तेव्हा का नाही तिला विसावा मिळत?

मिळत नसणार. बटण ‘टक्’ म्हणत असेल, पण बंद करत नसेल.

हे मी आत्याबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, ‘‘बंद न्हाय तर आवाज का येत न्हाय?’’ याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण उत्तर नसलं तरी पुरावा आणता येत होता. पोलीस पाटलाच्या घरात राहून एवढं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामंजी जेवून उठले तेव्हा मी म्हटलं, ‘‘मामंजी, नवी बॅटरी आणली की रेडिओ सील करा.’’

‘‘काय करा?’’

‘‘सील. तुम्ही मुद्देमाल करता तसा. तुम्ही वाशीला वन्संकडं आठवडाभर जाणार आहात. जाताना तुमच्या हातानं बटण बंद करा, कपाटाला कुलूप घाला, वर लाखेचं सील मारा. आल्यावर तुम्हीच फोडा. बॅटरी चांगली निघाली तर चोर मी. मग ट्रेनिंगचं नाव काढणार नाही.’’

‘‘आन् बसलेली निघाली तर?’’

‘‘तर मी नाही. मग रेडिओ मला उघडून बघू द्यायचा.’’

आत्याबाई मधेच म्हणाल्या, ‘‘अगं, न्हाय म्हन. कायच्या काय बोलू नगंस.’’ त्यांना माझी काळजी वाटली होती. मलाही वाटत होती. नेमकं त्या आठवड्यात बटण शहाण्यासारखं वागलं तर माझं शिक्षण संपलं होतं.

मामंजींना मात्र प्रकरण पसंत पडलं. सीलचा मान त्यांना कुणी घरात दिला नव्हता. नवी बॅटरी आली. त्यांनी रेडिओ लावून दाखवला, खणखणीत वाजला. मग ‘टक्’ करून बंद केला. प्लगही काढायला निघाले, तेव्हा मी थांबवलं. ‘‘रोज काढत नाही, तर आजही नको. रोजच्यासारखाच ठेवा.’’ त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, प्लग तसाच ठेवला. कुलपावर कापडाची पट्टी बांधली, लाख वितळवली, गरम लाखेवर बोटातली अंगठी दाबली. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘लगीन लागल्यागत दिसायलंय कपाट.’’

मामंजी वाशीला गेले. तो आठवडा मी त्या कपाटाकडं पाठ करून डाळ निवडली.

ते परत आले, हातपाय धुतले आणि चहासुद्धा न घेता कपाटापुढं उभे राहिले. सील अखंड होतं. अंगठीचा ठसा बोटानं चाचपला, मग फोडलं. कुलूप काढलं. बटण फिरवलं. ‘टक्’.

पुढं काही नाही. त्यांनी आवाज पुरता मोठा केला. कान जाळीला लावला. आतून माशी गुणगुणावी एवढंच काही आलं आणि तेही गेलं.

‘‘भूत शिरलंय का कपाटात?’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘सील न मोडता आत जाऊन गानी ऐकून आलं.’’

मामंजी म्हणाले, ‘‘दुकानदारानं खराब माल दिला.’’ सहज निकाल फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन ते कुर्डुवाडीला गेले आणि संध्याकाळी दुसरी घेऊन परत आले, पण चेहरा विचारात पडलेला.

‘‘दुकानदार म्हनतो, बॅटरीला आत दोन घरं असत्यात. एक थोरलं, एक धाकटं. धाकटं घर व्हॉल्वच्या, म्हंजी आतल्या काचंच्या नळ्यांच्या, तारा तापवायला, थोरलं आवाजाला. म्हनतो, थोरलं घर भरलेलं हाय. नुसतं धाकटं रितं झालंय. असं व्हत न्हाय म्हनतो.’’

मला तेवढं पुरे होतं. आमच्या मळ्यात विहिरीच्या पाण्याचे दोन पाट फुटायचे, एक उसाला, एक भाजीला. पाणी तोडायचं तर दोन्हीकडं माती लावायची. एकीकडं नीट लागली नाही तर ऊस कोरडा दिसतो आणि पाणी रात्रभर भाजीत झिरपतं. बटण एक असलं तरी आत त्यानं दोन वाटा बंद करायच्या असणार. आवाजाची वाट बंद होत होती, म्हणून रेडिओ गप्प. तारा तापवायची वाट उघडीच होती. आत्याबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

‘‘आता मला उघडू द्या,’’ मी म्हटलं.

मामंजी म्हणाले, ‘‘बाईमानसाच्या हाती दिला आन् मोडला तर?’’

‘‘बोली झालीय, मामंजी. तुम्ही समोर बसा, पंच म्हणून.’’

बोली म्हटल्यावर त्यांना माघार नव्हती. आमच्या घरात आतली धान्याची खोली होती, तिला खिडकी नव्हती. उजेडासाठी माळवदाला हातभर भोक, साणं, होतं, त्यावर मी वर जाऊन परात पालथी घातली. भर दुपारी खोलीत अंधार झाला. रेडिओ आणि नवी बॅटरी आत नेली, मागचा पुठ्ठा स्क्रू काढून बाजूला केला. जोडला, लावला, वाजला. मग मामंजींनाच म्हटलं, ‘‘तुम्ही बंद करा.’’ त्यांनी केला. ‘टक्’. अगदी शांत.

दार लावून घेतलं. डोळे सरावायला वेळ लागला. पोत्यांना टेकून आम्ही तिघं बसलो होतो. आधी आत्याबाईंना दिसलं.

‘‘अगं बाई. ते काय लाल?’’

काचेच्या त्या बोटभर व्हॉल्वमध्ये, अगदी मधोमध, केसाएवढी एक लाल रेघ होती. वात विझली तरी तिच्या टोकाला निखारा राहतो, तसली. चारही व्हॉल्वमध्ये. रेडिओ बंद होता आणि आत दिवे लागलेले होते. दार उघडलं की काही दिसायचं नाही. लावलं की पुन्हा लाल. मामंजींनी स्वतः दोनदा दार उघडून लावून पाहिलं. मग प्लग काढायला सांगितला. काढल्याबरोबर चारही रेघा गेल्या.

‘‘होळी गाठंल आशी बॅटरी,’’ ते स्वतःशीच म्हणाले, ‘‘आन् ही आत बसून पेटायलीय.’’

दार उघडं टाकून आता वाट बटणात कुठं उघडी राहते ते शोधायचं होतं. घरात टॉर्च होती. तिचा एक सेल आणि बल्ब काढला, जुन्या तारेचे दोन तुकडे घेतले. प्लग काढलेलाच होता. डाव्या बटणाच्या मागं पत्र्याची डबी, तिच्यातून चार पाय बाहेर आलेले, दोन दोनच्या जोड्या. सेल आणि बल्ब तारेनं एका जोडीला लावला, मामंजींना बटण फिरवायला सांगितलं. चालू केलं की बल्ब लागे, बंद केलं की विझे. ही वाट नीट होती. मग दुसऱ्या जोडीला लावला. चालू केलं, लागला. बंद केलं.

लागलेलाच राहिला.

‘‘पुन्ना,’’ मामंजी म्हणाले. पुन्हा केलं. पाच-सहा वेळा बंद केलं तेव्हा एकदा विझला, पुढच्या वेळेला पुन्हा लागलेलाच. कधी सुटत होतं, कधी चिकटून बसत होतं. बटणाची स्प्रिंग ‘टक्’ करून मोकळी होत होती. आवाजाला आम्ही सगळे भुललो होतो, दुकानदारासकट.

डबीच्या फटीतून काडी घातली, तर काडीच्या टोकाला तपकिरी, मधासारखं काही आलं. दाट, ओढलं तर तार सुटणारं. मी ते बोटांत चोळलं आणि मला माहेर आठवलं. तुळजापूरला आई शिवणाचं मशीन चालवायची. घरी उतरलेल्या एका यात्रेकरू बाईनं मशीन कुरकुरतंय म्हणून आईच्या माघारी चांगल्या मनानं त्यात खायचं तेल घातलं होतं. चार दिवस मशीन मऊ चाललं. पुढं महिन्याभरात चाक हलेना. आईनं सगळं मशीन रॉकेलनं धुऊन काढलं होतं, कोंबडीच्या पिसानं, फट न् फट. तेच मी केलं. पीस रॉकेलमध्ये बुडवून डबीच्या फटीत, बटण फिरव, पुन्हा पीस, पुन्हा फिरव. खालच्या फडक्यावर तपकिरी पाणी उतरू लागलं.

आत्याबाईंनी फडकं उचललं. नाकाशी नेलं. रॉकेलच्या वासातूनही त्यांनी बरोबर काढलं. तेलाच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरला नसता.

‘‘करडई हाय ही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरच्या घान्याची. बुधलीच्या तोंडाला सुकून बसती तशी बसलीय.’’

तेल या घरातलं होतं. बटणाच्या दांड्यावरून ते आत उतरलं होतं. दांड्याला तेल कधी लागलं, कुणाच्या हातानं लागलं, हे तिघांनाही एकाच वेळी आठवलं. खंडेनवमीची रांग, कुऱ्हाडीपासून कुलपापर्यंत सगळं तेलानं चमकत असलेलं, आणि शेवटी रेडिओपुढं जास्त वेळ बसलेले मामंजी. कुलपाला तेल हवं, कोयत्याला हवं. रेडिओला कमी कसं करायचं, म्हणून दोन थेंब जास्तच घातले असतील.

मामंजींनी घसा साफ केला. पाटलाच्या आवाजात म्हणाले, ‘‘गुन्हा शाबित झाला.’’

थांबले.

आत्याबाई म्हणाल्या, ‘‘गुन्हेगाराचं नाव?’’

मामंजी पोत्याकडं बघत राहिले.

‘‘म्या सांगितलं असतं,’’ आत्याबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘‘पन मला त्यांचं नाव घ्याया येत न्हाय.’’

नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, ही रीत त्यांनी सबंध आयुष्यात इतकी बरोबर कधी पाळली नसेल. मी हसू दाबलं. मला वाटलं आता मामंजी उठून जातील. ते उठले, पण ओसरीवर गेले नाहीत. माळवदावर गेले आणि साण्यावरची परात काढली. उजेड आत आला. वरूनच ओरडले, ‘‘पुसून घे नीट. रॉकेल राहिलं आन् पेटला तर दुसरी तहकिकात.’’

मी पुसलं. दोन दिवस उघडा उन्हात ठेवला, मिरच्यांशेजारी. या वेळी उन्हाचा खरोखर उपयोग होता. मग पुन्हा सेल आणि बल्ब लावून पाहिला. बंद केलं की विझायचा, दर वेळी. मामंजी मोजल्यासारखं बटण फिरवत राहिले, अखेर आत्याबाई म्हणाल्या, ‘‘आता त्याचं मनगाट मोडंल.’’ मग बॅटरी जोडली, आतल्या खोलीत नेऊन परात घालून बंद करून पाहिला. मिट्ट काळोख. एवढा चांगला काळोख मी पुन्हा पाहिला नाही.

ती बॅटरी होळी ओलांडून गेली. पाडवाही.

मामंजींनी माफी वगैरे मागितली नाही आणि मी तशी वाट पाहत नव्हते. सासऱ्यानं सुनेची माफी मागणं तेव्हा दोघांनाही जड गेलं असतं. त्यांनी दुसरं केलं. एका शनिवारी ‘हे’ घरी असताना, जेवताना म्हणाले, ‘‘जूनला उस्मानाबादला कोन सोडायला जानार? तुला सुट्टी हाय का म्या जाऊ?’’ ‘ह्यांच्या’ हातातला घास तसाच राहिला. ‘‘मी जातो दादा,’’ म्हणाले, आणि या वेळी आवाज चांगला होता. मग मामंजी माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘तिथं वीज असंल. भिंतीला बटणं असत्याल. उगं उघडत बसू नको.’’

‘‘नाही उघडणार.’’

‘‘बिघडलं तर उघड. नुसतं ‘टक्’ झालं म्हनून इस्वास ठेवू नको.’’

जूनमध्ये गेले. ट्रेनिंगच्या वसतिगृहात भिंतीला खरोखरच बटणं होती. पहिल्या रात्री आम्ही मुलींनी ती आळीपाळीनं चालू-बंद करून पाहिली आणि बाईंची बोलणी खाल्ली. पुढं शाळा, बदल्या, मुलं, सगळं झालं. मास्तरीण म्हणून मी पहिली गोष्ट शिकले ती त्या धान्याच्या खोलीतच. पोरगा वर्गात गप्प बसला म्हणजे त्याला समजलं, असं मी कधी धरलं नाही. आत काय चाललंय ते बघायला निराळी खटपट करावी लागते. त्याचा फायदा माझ्या वर्गांना झाला असावा.

ट्रेनिंगला गेले त्याच वर्षी दसऱ्याच्या सुट्टीला घरी आले. खंडेनवमीची रांग तशीच मांडली होती. कुऱ्हाड, कोयते, खुरपी, तराजू, बंदूक, कुलूप, शेवटी रेडिओ. मामंजी तेलाची वाटी घेऊन रांगेनं सरकत आले. कुलपाला लावलं. रेडिओपाशी आले आणि हात वाटीवर तसाच थांबला.

‘‘मास्तरीणबाई,’’ त्यांनी मागं न बघता विचारलं, ‘‘ह्याला काय?’’

‘‘झेंडूचं फूल, मामंजी. वरून.’’

त्यांनी तेलाचा हात धोतराला पुसला, पुन्हा एकदा नीट पुसला, आणि पेटीच्या वर, बटणांपासून लांब, फूल ठेवलं.